डॉ. जगन्नाथ वाणी आणि महाराष्ट्रातील मनोविकार-जागृती

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील मनोरुग्णसेवेचा इतिहास बहुधा रुग्णालये व कायदे यांच्या आधारे सांगितला जातो. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ मध्ये सुरू झाले. १९१२ च्या कायद्याचा भर रुग्णाला बंदिस्त ठेवण्यावर होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची जागा घेतली. तथापि रुग्णाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबाचा आवाज या इतिहासात क्वचितच उमटतो. तो आवाज उमटविणाऱ्यांत डॉ. जगन्नाथ वाणी यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

वाणी यांचे कार्य :
मूळचे धुळ्याचे वाणी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला होता. विवाहसंबंध व प्रतिष्ठा यांच्या धास्तीने कुटुंबे जो आजार लपवीत, त्याविषयी वाणी उघडपणे बोलले. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. तिच्या नावातच जागृती हा हेतू स्पष्ट होता. स्वमदत गटांत रुग्णांचे आप्त एकत्र येऊन औषधोपचार, आजाराची पुनरावृत्ती आणि स्वतःचा थकवा यांविषयी बोलू लागले. रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि काळजीवाहकासाठी 'शुभंकर' हे शब्द या क्षेत्रातील मराठीत रुळले. 'वेडा' या शब्दातील अवहेलना त्यांत नव्हती.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'देवराई' (२००४) या चित्रपटाच्या निर्मितीमागेही वाणी होते. त्यात शेष या स्किझोफ्रेनियाग्रस्त तरुणाइतकेच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीला महत्त्व आहे. शुभंकराची ओढाताण त्यामुळे मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

विदर्भाच्या संदर्भात :
ही चळवळ प्रामुख्याने शहरी राहिली. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या वर्धा परिसरात या विचाराची उपयुक्तता काय, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविक ठरतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' या स्वतंत्र कार्यक्रमाचे निष्कर्ष येथे उद्बोधक आहेत. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या साहाय्याने १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आजाराविषयी घरात व गावात बोलले गेले, तर उपचाराची वाट मोकळी होते, या धारणेला त्यातून बळ मिळते.

समारोप :
वाणी यांचे २०१७ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी संमत झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला. परंतु हक्क बजावण्यासाठी आधी आजार मान्य करावा लागतो. ती मान्यता देण्याचे धैर्य कुटुंबांना मिळवून देणे, हे वाणी यांच्या दातृत्वाचे ऐतिहासिक मोल होय. ग्रामीण भागात हे कार्य अद्याप अपुरे असून जागृतीबरोबरच जवळच्या रुग्णालयात तज्ज्ञ व औषधे उपलब्ध असणे तितकेच आवश्यक आहे.