वूस्टरची मैफल तबकडीवर
दिनविशेष : २२ नोव्हेंबर २००५

'किलस्विच एंगेज' या अमेरिकी मेटलकोअर बँडची 'सेट धिस वर्ल्ड अब्लेझ' ही डीव्हीडी या दिवशी बाजारात आली. 'रोडरनर रेकॉर्ड्स'ने ती काढली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या 'पॅलेडियम' सभागृहात, म्हणजे बँडच्या घरच्या मैदानावर, झालेला कार्यक्रम तीत होता. जोडीला बँडच्या वाटचालीवरचा माहितीपटही.

यूट्यूब तेव्हा जेमतेम काही महिन्यांचे होते. दूरच्या चाहत्याला अख्खा कार्यक्रम बघायचा, तर तबकडीच हवी.

ती आजही बघावी ती गायक हॉवर्ड जोन्ससाठी. घसा फाडून ओरडायचे आणि पुढच्याच ओळीत भरदार, सुरेल गळा लावायचा, ही मेटलकोअरची खरी कसोटी. स्टुडिओत हे दोन आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून जोडता येतात. मंचावर मध्ये फक्त एक श्वास मिळतो. जोन्स त्या एका श्वासात आवाज पालटतो. शेजारी गिटारवादक ॲडम डुटकेविच मात्र यथेच्छ माकडचाळे करत असतो. एवढ्या गंभीर संगीताला तो उतारा हवाच!

२०१२ मध्ये जोन्स बाहेर पडला आणि पहिला गायक जेसी लीच परतला. त्यामुळे ही डीव्हीडी जोन्सपर्वाचा दस्तऐवज ठरली. पुढे २०१९च्या 'अटोनमेंट' अल्बममध्ये 'द सिग्नल फायर' हे गाणे दोघांनी मिळून गायले.