आराखडा अमेरिकेचा, सुटे भाग लंडनचे

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. खटका दाबला की लगेच आवाज येत नसे. काचेच्या नळ्या तांबूस व्हायच्या, तापायच्या, आणि मगच बातम्या ऐकू यायच्या. या नळीत तापलेल्या तारेकडून विजेचे कण समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. वाटेत एक जाळी असते. पाटाच्या तोंडाशी फळी जरा वरखाली केली की वाफ्यातले पाणी कमीजास्त होते ना, तसेच ही जाळी करते. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ती बसवली, आणि क्षीण आवाज मोठा करण्याची सोय झाली.

आजची हकिकत याच नळ्यांची आहे. मात्र रेडिओची नव्हे, गिटारच्या ध्वनिवर्धकाची.

कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांच्या कारखान्याचा ‘बासमन’ नावाचा ध्वनिवर्धक १९५० नंतरच्या दशकात नावाजला. इंग्लंडात तो फार महाग पडे. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे ढोल-ताशांचे, म्हणजे तिकडच्या ड्रमचे, दुकान होते. पीट टाउनशेंडसारखी तरुण वादक मंडळी तिथे येत आणि म्हणत, आम्हाला दणकट आवाज हवा. तेव्हा दुकानातले दुरुस्तीवाले केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन हा तरुण कारागीर यांनी बासमनचा आराखडा समोर घेऊन १९६२ साली आपला ध्वनिवर्धक उभा केला. त्याचे नाव जेटीएम ४५. नक्कलच होती ती. लपवण्यात अर्थ नाही.

पण भाग कुठून आणायचे? अमेरिकेतून मागवणे परवडणारे नव्हते. मग जे जवळ मिळेल ते घेतले. ट्रान्सफॉर्मर घेतला रेडिओस्पेअर्सचा. ही कंपनी रेडिओ दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग पुरवी. बासमनमधला पहिला व्हॉल्व्ह आवाज सुमारे ४४ पट वाढवू शकणाऱ्या जातीचा होता, त्या जागी १०० पटीचा ईसीसी८३ आला. शेवटचे मोठे व्हॉल्व्ह लवकरच केटी६६ झाले. बासमनमध्ये दहा इंची चार कर्णे पाठ उघड्या असलेल्या पेटीत होते. इकडे सेलेस्टियनचे बारा इंची कर्णे घेतले. एकेकाची ताकद पंधरा-वीस वॅटचीच, म्हणून एका बंद पेटीत चार बसवले.

सगळ्यांत गंमत पुढेच आहे. आवाज स्वच्छ राहावा म्हणून त्याचा थोडा अंश कर्ण्याकडून परत मागे पाठवतात. त्या वाटेवरचा २७ हजार ओहमचा रोध दोन्हीकडे तोच! पण फेंडरने तो दोन ओहमच्या टोकाला जोडला होता, मार्शलच्या मंडळींनी सोळा ओहमच्या. तेवढ्याने परत जाणारा दाब जवळजवळ पावणेतीनपट झाला. कागदावर रेषा त्याच, आणि सूर निराळा. व्हॉल्व्हवर जास्त भार आला की सूर फाटतो; रेडिओ अभियंत्याला हा दोष वाटे. गिटारवाल्यांना नेमके तेच आवडले.

मात्र सारेच भाग असे हाताला येतील ते घेऊन चालत नाही. इथे चारशे व्होल्टांहून अधिक दाब असतो. दोन व्हॉल्व्हांमधला कंडेन्सर सूर पुढे जाऊ देतो आणि हा दाब अडवतो. हलका कंडेन्सर घातला आणि तो गळू लागला, तर पुढच्या व्हॉल्व्हचा पत्रा लाल होऊन व्हॉल्व्ह जळतो. म्हणून कंडेन्सर दाबाहून चांगल्या वरच्या आकड्याचा घ्यावा. शिक्षक मंडळींना एक सांगतो. वर्गात जुना संच उघडून दाखवायचा मोह होतो, पण बटण बंद करून दिवा विझला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. जाणकाराने ती उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये, मुलांना तर जवळही येऊ देऊ नये.

पुढे १९६६ च्या सुमारास मार्शलने केटी६६ सोडून ईएल३४ हा व्हॉल्व्ह घेतला. आवाज पुन्हा पालटला, अधिक करकरीत झाला. आराखडा मात्र बव्हंशी तोच राहिला.