शाखायुक्त रेणूंची बांधणी

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचा चैत्य बांधलेला नाहीं, कोरलेला आहे. अखंड कातळांतून नको तेवढा पाषाण कारागिरांनीं काढून टाकला. आमच्या जुन्नर-आंबेगांवकडील गवंडी मात्र चिऱ्यावर चिरा रचून घर उभारतो. अतिसूक्ष्म वस्तु घडविण्याचेहि हेच दोन मार्ग होत. आजचा इतिहास दुसऱ्या मार्गाचा आहे, आणि त्यांतला चिरा म्हणजे डीएनए, आपल्या पेशींतील आनुवंशिकतेचा रेणु.

हा रेणु दोन धाग्यांचा पीळ आहे, हें वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं दाखविलें. पिळाची जाडी सुमारें २ नॅनोमीटर. एका मिलिमीटरांत असे पांच लक्ष पीळ शेजारीं शेजारीं मावतील. परंतु नुसत्या सरळ वाशांनीं छप्पर होत नाहीं, सांधा लागतो. चार शाखांचा सांधा पेशींत घडत असावा, असें रॉबिन हॉलिडे यांनीं १९६४ सालीं सुचविलें होतें. अडचण एवढीच, कीं तो सांधा एका जागीं राहत नाहीं, पुढेंमागें सरकतो.

नेड्रियन सीमन हे अमेरिकन शास्त्रज्ञ स्फटिकांचे अभ्यासक. हवे ते स्फटिक तयार होत नाहींत म्हणून ते त्रासले होते. १९८० सालीं त्यांना डच चित्रकार एशर यांचें रांगांनीं पोहणाऱ्या माशांचें एक काष्ठचित्र आठवलें. प्रत्येक मासा सहा शाखांचा सांधा मानला, तर सांध्यांची जाळी विणून तींत इतर रेणु ओळीनें बसवितां येतील! धाग्यांवरील अक्षरांचा क्रम असा निवडावयाचा कीं सांध्याला सरकण्यास वावच राहूं नये. ही युक्ति त्यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षीं तसा अचल सांधा तयार झाला.

१९९१ सालीं त्यांनीं व चेन यांनीं बारा कडांचा घन जोडला. तो डोळ्यांनीं कोणी पाहिला नाहीं. त्याचे तुकडे पाडून, त्यांवरून रचना सिद्ध करावी लागली. ताळा करून पाहण्याची ही शिस्त मला त्या घनाहूनहि मोलाची वाटते. पण सांधे लवचिक निघाले, आणि जाळी कांहीं होईना. अधिक ताठ सांधे शोधण्यांत वर्षें गेलीं. १९९८ सालीं सपाट जाळी साधली. तिन्ही दिशांना पसरलेला, योजल्याप्रमाणें घडलेला स्फटिक २००९ सालीं मिळाला, म्हणजे लेखानंतर सत्तावीस वर्षांनीं. मधल्या काळांत, २००६ सालीं, रोथमंड यांनीं एकच लांब धागा घड्या घालून हव्या त्या आकाराचा करून दाखविला.

त्याच २००९ सालीं बंगळूर येथें यमुना कृष्णन् यांच्या प्रयोगशाळेनें डीएनएचें एक सूक्ष्म यंत्र जिवंत पेशींत सोडून तेथील आम्लता मोजली. सीमन २०२१ सालीं वारले. जाळींत इतर रेणु ओळीनें बसविण्याचा त्यांचा मूळ हेतु तोंवर सर्रास व्यवहारांत आलेला नव्हता.