कात्रजचं हिरवं पाणी

मार्गासनीहून पुण्याला निघालं, की नसरापूर मागे पडायचं, घाट लागायचा आणि उतरल्यावर कात्रजचा तलाव. गुंजवणी नदीच्या तळाचे गोटे मोजत वाढलेली मी. तलावावर पसरलेली जलपर्णी पाहून पोटात कालवायचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळातला हा तलाव! इथलं पाणी भुयारी नळातून थेट शनिवारवाड्यात जाई.

तलावात येणाऱ्या सांडपाण्यातला फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला आयतं खत. ती नुसती उपसून भागत नाही, गाळात मुरलेला फॉस्फरस पुन्हा वर येतो. आधी नाले वळवायलाच हवेत. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन सरोवरात येणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ दरम्यान वळवलं, तेव्हा कुठे पाणी निवळलं.

घाण पाणी वेगळं ठेवायचं, हे आजीला ठाऊक होतं: गुंजवणीवर ती हंडा वरच्या अंगाला भरायची, धुणं खालच्या अंगाला धुवायची.