मालाडचा प्रक्षेपक आणि कानातला हेडसेट

मालाड पश्चिमेला, मालवणीच्या बाजूस, आकाशवाणीने आपले मध्यमलहरी प्रक्षेपण केंद्र उभारले. मुंबई ‘ब’ केंद्राचे मराठी कार्यक्रम ५५८ किलोहर्ट्झवर, १०० किलोवॅट शक्तीने प्रक्षेपित होत. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागले की तरंगलांबी येते सुमारे ५३८ मीटर. आज मालाडच्या लोकलमध्ये निम्म्या प्रवाशांच्या कानांत दिसणारा बिनतारी हेडसेट सुमारे साडेबारा सेंटिमीटर तरंगलांबी वापरतो आणि त्याची प्रक्षेपण शक्ती साधारणपणे अडीच मिलिवॅट असते. म्हणजे मालाडच्या प्रक्षेपकाच्या चार कोटीव्या हिश्शाएवढी! तरीही या छोट्या साधनाला छोट्या संगणकाशी जोडताना विद्यार्थी घायकुतीला येतात. असे का व्हावे?

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळी स्फटिकसंचावर कार्यक्रम ऐकता येत. एक लांब तार, एक वेटोळे, गॅलेनाचा खडा आणि कानाला लावायचा श्रवणक एवढेच साहित्य. बॅटरीही नको. गॅलेनाच्या अशा शोधकाचे अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळाले होते. लहरीच्या उंचसखलपणातच आवाज दडलेला असल्यामुळे ग्राहकाला प्रक्षेपकाशी काही ठरवावे लागत नसे. लहर पकडली की आवाज मिळाला.

ब्ल्यूटूथची गोष्ट वेगळी आहे. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कामाला आरंभ झाला. हेतू साधा होता, तार काढून टाकणे. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा एकत्र आल्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ उपमार्ग पाडले गेले आणि दोन्ही साधने एका सेकंदात १६०० वेळा मार्ग बदलतात, त्यामुळे गर्दीतही संभाषण तुटत नाही. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना २००५ मध्ये परवान्यातून सूट मिळाली.

आता आकडेमोड पाहू. सीडीवरील संगीतात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, डावा-उजवा असे दोन मार्ग, म्हणजे सुमारे १४ लाख बिट. मूळ ब्ल्यूटूथचा वेग सेकंदाला १० लाख बिट. पायलीचे धान्य अधोलीत मावणार कसे? म्हणून संगीत सुमारे सव्वातीन लाख बिटांपर्यंत दाबून पाठवतात. संभाषणासाठी मात्र दुसरी रीत आहे. त्यात आवाज दोन्ही दिशांनी जातो आणि मुळात सेकंदाला ८,००० नमुनेच घेतले जात. २०११ मध्ये १६,००० नमुन्यांची सोय झाली. मायक्रोफोन चालू करताच गाणे टेलिफोनसारखे ऐकू येते, त्याचे कारण हेच. हेडसेट बिघडलेला नसतो, त्याने फक्त रीत बदललेली असते.

छोट्या संगणकांवर या दोन रीतींची अडचण ठळक होते. २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ मध्ये ब्ल्यूटूथ अंगभूत आले. गाणी वाजू लागली, पण मायक्रोफोन मुका राही. संभाषणाचा आवाज मुख्य प्रक्रियकाकडे न येता ब्ल्यूटूथ चिपच्या वेगळ्या ध्वनितारांकडे वळवलेला असे. वाट बदलण्याची आज्ञा चिपला दिल्यावरच तो बोलू लागे. त्याच वर्षीच्या ईएसपी-३२ मध्ये जुन्या पद्धतीचे ब्ल्यूटूथ होते, म्हणून तो संगीत पाठवू शकतो. त्याचा नंतरचा भाऊबंद एस-३ मात्र फक्त कमी ऊर्जेचे ब्ल्यूटूथ जाणतो. नेहमीच्या हेडसेटशी त्याचे जमत नाही. नवी चिप म्हणजे जुन्या चिपचे सारे गुण अधिक काही नवे, हा समज येथे खोटा ठरतो. कमी ऊर्जेवर ध्वनी पाठवण्याचे मानक २०२२ मध्ये पूर्ण झाले, पण ते दोन्ही टोकांना असावे लागते.

शाळेच्या तुटपुंज्या निधीतून चिप घेताना खोक्यावरच्या ‘ब्ल्यूटूथ’ या एका शब्दावर विसंबू नये. कोणते ब्ल्यूटूथ, संगीत की संभाषण, आणि दोन्ही टोकांना तीच रीत आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. नाहीतर पैसे तर जातातच, शिवाय आपल्यालाच काही येत नाही असे समजून एखादी हुशार मुलगी प्रयोग सोडून देते. ते नुकसान अधिक मोठे.