पर्माकल्चर आराखडा शिक्षक

पर्माकल्चर आराखडा शिक्षक म्हणजे शेतजमीन, परसबाग किंवा वस्ती यांची पर्माकल्चर पद्धतीने आखणी करण्यास शिकवणारी, त्यासाठी पात्र मानली गेलेली व्यक्ती. ‘परमनंट’ आणि ‘अ‍ॅग्रिकल्चर’ या शब्दांपासून बनलेली ही संज्ञा बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी ऑस्ट्रेलियात रूढ केली. त्यांचे ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पात्रता

पहिली पायरी म्हणजे ७२ तासांचा आराखडा अभ्यासक्रम. मॉलिसन यांच्या १९८८ मधील ‘पर्माकल्चर: अ डिझायनर्स मॅन्युअल’ या ग्रंथावर तो बेतलेला असतो. हवामान, माती, पाणी, वृक्ष आणि घरापासून दूर जाणारे वापराचे पट्टे हे त्यातील मुख्य विषय होत. अखेरीस विद्यार्थी प्रत्यक्ष जागेचा आराखडा सादर करतात.

शिकवण्याची तयारी यानंतर सुरू होते. साधारणतः किमान दोन वर्षे स्वतः आराखडे करून, त्यांच्या नोंदी ठेवून पदविका मिळवली जाते. अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली काही वर्ग घेतले जातात. शिक्षक प्रशिक्षणाचे वेगळे वर्गही असतात. हे नियम संस्थेगणिक बदलतात आणि भारतात त्यांना कायद्याने ठरवलेल्या परवान्याचे स्वरूप नाही. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः आखलेली व काही पावसाळे पाहिलेली जमीन बघून येणे विद्यार्थ्याच्या हिताचे ठरते.

भारतातील प्रसार

१९८०च्या दशकात मॉलिसन भारतात आले. पुढे तेलंगणातील पस्तापूर येथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी आणि नरसन्ना व पद्मा कोप्पुला यांची ‘अरण्य’ ही संस्था यांनी हे काम वाढवले. २०१७ मध्ये हैदराबादला आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर संमेलन भरले.

महाराष्ट्रातील समांतर परंपरा

महाराष्ट्रात गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, जमिनीत सूर्यप्रकाश, पालापाचोळा व मोजके पाणी यांचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः मांडावा आणि तो इतरांपुढे तपासायला ठेवावा, अशी ही पद्धत होती. येथे प्रमाणपत्राला स्थान नव्हते. ज्याचा प्रयोग साधला, तो त्या विषयापुरता शिक्षक. द्राक्ष बागायतदारांच्या अभ्यासमंडळांत ती विशेष रुजली. पर्माकल्चरच्या मराठी शिक्षकाने हा वारसा न अभ्यासणे ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

स्थानिक परिस्थिती

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुका पर्जन्यछायेत येतो. तेथील कारेगावाला लागून रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. अशा गावांत शिकवताना पाऊस मोजक्या सरींत पडून जातो, हे गृहीत धरावे लागते. पाण्याच्या नळीने समपातळी रेषा काढणे, चर खणणे, बांधावर शेवगा, हादगा, बोर लावणे ही कौशल्ये शिक्षकाच्या हातात असावी लागतात. मुरमाड उतारावर चर पाणी जिरवतो. भारी काळ्या जमिनीत मात्र त्याच चरात पाणी साचून मुळे कुजू शकतात. म्हणून परदेशी ग्रंथातील आकृती जशीच्या तशी वापरण्याआधी खड्डा खणून माती पाहणे आणि त्यात ओतलेले पाणी किती वेळात जिरते हे मोजणे, हा येथील वर्गाचा पहिला धडा असायला हवा.