रक्तांतील विळा

घरांत एखादें मूल वरचेवर आजारी पडूं लागलें कीं पहिला दोष आईच्या पदरीं येतो. तिच्या पायगुणापासून तिनें मोडलेल्या एखाद्या व्रतापर्यंत सारें कांहीं उकरून काढलें जातें. विदर्भांत व सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून ज्या रोगानें पिढ्यान्‌पिढ्या मुलें पिडलीं, त्याच्या बाबतींत हा अन्याय विशेषच म्हणावा लागतो. कारण तो रोग माता व पिता या दोघांकडून सारख्याच हिश्शानें येतो, आणि तीं दोघेंही बहुधा धडधाकट असतात. या रोगास हल्लीं सर्वत्र सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा व सेल म्हणजे पेशी.

वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटाचा एक तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठीं शिकागोस आला होता. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां वाटोळ्या पेशींच्या जोडीला लांबट, वांकड्या, विळ्यासारख्या पेशी आढळल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनीं हा वृत्तांत १९१० सालीं प्रसिद्ध केला. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं मूळ दोष पेशीच्या पोटांतील हिमोग्लोबिन या द्रव्यांत असल्याचें सिद्ध केलें. त्याच वर्षीं जेम्स नील यांनीं तो मातापित्यांकडून कसा उतरतो हें दाखविलें. १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत लेहमन व कटबुश यांना तो आढळला, आणि १९५८ सालीं शुक्ला व सोलंकी यांनीं मध्य भारतांतील लोकांतही तो असल्याचें जाहीर केलें. रोग अर्थातच जुना होता. नवें होतें तें त्याचें नांव.

असा घातक दोष इतक्या पिढ्या टिकला कसा? बोर्ली पंचतनसारख्या कोंकणकिनाऱ्यावरील गांवांत जुन्या माणसांस हिंवताप म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. तोच हिंवताप या कोड्याची किल्ली ठरला. १९५४ सालीं ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून दाखविलें कीं, ज्याच्या अंगीं हा दोष एकाच बाजूनें आलेला असतो, तो हिंवतापाच्या घातक तडाख्यांतून अधिक सहज वांचतो. अशा माणसास वाहक म्हणतात. त्यास स्वतःस बहुधा कांहींच त्रास नसतो. म्हणून जेथें हिंवताप पूर्वापार मुक्काम ठोकून होता, त्या रानपट्टींतील भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान या जमातींत व विदर्भांतील कांहीं अनुसूचित जातींत हा दोष रुजला. जातीच्या पापपुण्याशीं त्याचा संबंध नाहीं. संबंध आहे तो डांसाशीं.

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणीं मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिलें मूल रोगी निघालें, आतां पुढचीं तीन सुखरूप, असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. तो चुकीचा होय. दैव दर वेळीं फांसे नव्यानेंच टाकतें.

निरोगी रक्तपेशी एरवीं १२० दिवस जगते, रोगी मुलाची मात्र दहावीस दिवसांतच नष्ट होते. वांकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व हाडें पिळून निघावीं तशा कळा येतात. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे होतात, प्लीहा वाढते. थंडी, ताप, अतिश्रम, पाणी कमी पिणें, इतक्या क्षुल्लक कारणांनीं कळा उठतात. काल खेळत असलेलें मूल आज अंथरुणास खिळतें. शाळेंत तें कामचुकार ठरतें, आणि शिक्षकही पुष्कळदां तसेंच समजतात. बापाची मजुरी बुडते, आईचा दिवस रुग्णालयाच्या ओट्यावर जातो, आणि धडधाकट भावंडांकडे पाहावयास कोणास सवड उरत नाहीं. या भावंडांचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं.

हायड्रॉक्सीयुरिया या औषधानें कळा कमी होतात हें १९९५ सालीं सिद्ध झालें. भरपूर पाणी, फॉलिक ॲसिड, वेळच्या वेळीं लसी, यांनींही आयुष्य पुष्कळ सुसह्य होतें. आपल्याकडे पुण्याचे डॉ. सुदाम काटे व नागपूरचे संपत रामटेके यांनीं या रोगासाठीं दीर्घ काळ काम केलें. रामटेके यांस २०१८ सालीं मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या कायद्यानें हा रोग दिव्यांगत्वांत गणला गेला.

१ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी करणें व २०४७ पर्यंत रोगाचें निर्मूलन करणें, हें तिचें उद्दिष्ट. तपासलेल्या माणसास एक कार्ड मिळतें. वराचें कार्ड वधूच्या कार्डावर ठेवलें कीं होणाऱ्या संततीस कितपत धोका आहे तें दिसतें. पत्रिका जुळविण्याची संवय असलेल्या समाजास ही युक्ति चटकन उमगावी. भीति एवढीच कीं, वाहक मुलीचें कार्ड तेवढें पाहून तिला नाकारलें जाईल आणि मुलाचें कार्ड पेटींतच राहील. धोका एका कार्डांत कधींच नसतो. वाहक मुलीचा निर्दोष मुलाशीं विवाह झाल्यास एकही मूल या रोगानें आजारी होत नाहीं. म्हणून तीं कार्डें दोन केलीं आहेत.